गॅस ड्रायर फिरतो, सुरुवातीला गरम होतो आणि मग गार पडतो : दोष कुठे शोधावा?

आपल्या प्रश्नानुसार न्यू जर्सीतील घरातल्या गॅस ड्रायरचा ड्रम व्यवस्थित फिरतो, पहिली आठ-दहा मिनिटे हवा गरम असते, पण पुढे गारच हवा येत राहते आणि कपडे ओले निघतात. सर्किट ब्रेकर अर्धवट पडला असेल का, असेही आपण विचारले आहे. ती शक्यता येथे सोडून द्यावी. ब्रेकर तपासण्याचा सल्ला विजेवर तापणाऱ्या ड्रायरसाठी असतो, कारण त्याला २४० व्होल्ट लागतात आणि त्यातली एक बाजू तुटली तरी मोटर फिरत राहते. अमेरिकेतील गॅस ड्रायर १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालतो. ड्रम फिरतो आहे म्हणजे वीज पोहोचते आहे. शिवाय सुरुवातीला हवा तापते म्हणजे गॅसही पोहोचतो आहे.

आपण सांगितलेले लक्षण गॅस व्हॉल्व्हवरील कॉइलकडे, म्हणजे विजेने चुंबक बनून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याकडे, बोट दाखवते. ड्रायर सुरू होताच बर्नरजवळचा इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लालभडक होतो, त्याची उष्णता शेजारच्या सेन्सरला लागली की सेन्सरचे संपर्क उघडतात, कॉइलमधून पुरेसा प्रवाह जाऊन व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. तापमान पुरेसे झाले की थर्मोस्टॅट ज्योत बंद करतो व थोड्या वेळाने पुन्हा पेटवतो. कमजोर झालेली कॉइल थंड असताना काम करते, पण एकदा तापली की व्हॉल्व्ह उघडू शकत नाही. म्हणून पहिली ज्योत पेटते आणि पुढची पेटत नाही. याच कारणाने थंड कॉइल मल्टीमीटरने मोजून ती चांगली ठरवणे फसवे असते.

खात्री डोळ्यांनीच करावी. बऱ्याच ड्रायरना खालच्या बाजूस बर्नर दिसण्यासाठी लहान झडप किंवा निघणारा पत्रा असतो. हवा गार झाल्यानंतर तेथे पाहावे. इग्नायटर लाल होऊन विझतो, पण ज्योत येत नाही, असे पुन्हा पुन्हा घडत असेल तर कॉइलचा संपूर्ण संच बदलावा. इग्नायटर लालच राहून विझत नसेल तर सेन्सर बिघडला आहे. इग्नायटर लालच होत नसेल तर इग्नायटर, थर्मल फ्यूज (फार तापल्यास जळून वीज तोडणारा फ्यूज) आणि थर्मोस्टॅट तपासावे लागतील. मात्र ते प्लग काढूनच.

दुसरा संशयित म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी. ती कपड्यांतून निघणाऱ्या तंतूंच्या तुसाने तुंबली की आतले तापमान वाढते आणि सुरक्षेचा थर्मोस्टॅट ज्योत तोडतो. ड्रायर चालू असताना घराबाहेर जाऊन नळीच्या तोंडाची झडप पूर्ण उघडते का आणि हवेचा झोत जोरदार आहे का, हे पाहावे. नळी काढून ड्रायर चालवून बघा, असा सल्ला अनेक जण देतात. गॅस ड्रायरच्या बाबतीत तो कृपया मानू नये, कारण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे थेट घरात येतो. थर्मल फ्यूज जळलेला आढळला तर तो बदलण्याआधी नळी साफ करावी, नाहीतर नवाही जळेल. या सफाईकडे दुर्लक्ष करू नये, असे मी कळकळीने सांगतो: अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या अंदाजानुसार घरांतील ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण सफाई न करणे हेच होते.

कॉइल बदलताना गॅसची नळी सोडवावी लागत नाही. प्लग काढावा, गॅसचा कॉक बंद करावा, वायरच्या जागांचा फोटो घ्यावा, कॉइलवरची पट्टी स्क्रू काढून उचलावी आणि नवा संच बसवावा. हे करताना इग्नायटरला धक्का लागू देऊ नये, तो अतिशय ठिसूळ असतो. व्हॉल्व्ह किंवा गॅसचा सांधा उघडण्याची वेळ आली तर परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवावे. आणि कोणत्याही क्षणी गॅसचा वास आला, तर कोणतेही बटण न दाबता सर्वांनी घराबाहेर पडून तेथूनच गॅस कंपनीला फोन करावा.