कॉलेजात शिकलेले कांट आणि मिल हे तत्त्वज्ञ जाहिरातीच्या नोकरीत खरंच कामाला येतात का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातल्या एका एजन्सीत लागलात आणि आल्या आल्या 'मधुमेह मुळापासून बरा' अशी ओळ लिहायला सांगितली. मीही याच गावात जाहिराती लिहितो, म्हणून सांगतो.

या ओळीसाठी कांटला उठवायची गरजच नाही. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. त्यातल्या रोगांवर औषध म्हणून जाहिरात करायला बंदी आहे, आणि कायदा प्रसिद्धीत 'कोणताही भाग' घेणाऱ्याला धरतो. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'क्लायंटनं सांगितलं' यावर विसंबू नका. सरळ नाही म्हणा, तेही ईमेलवर.

खरी पंचाईत वेगळ्या कामात होते. गड्डा यात्रेच्या तोंडावर एक दुकानदार आला. चादरींचा माल पानिपतचा, पण बॅनरवर 'सोलापुरी डिझाइन' हवं, त्यातलं 'सोलापुरी' हातभर आणि 'डिझाइन' मुंगीएवढं. शब्दशः खोटं काहीच नाही! पण पंढरपूरहून आलेली बाई सोलापुरी चादर समजूनच पैसे मोजणार.

इथे मिलचा 'जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते योग्य' हा हिशोब मला कच्चा वाटतो. दुकानदाराला नफा, पोरांना पगार, बाईला ऊबदार चादर, म्हणजे सगळ्यांचं भलं, असं कुणीही जुळवून दाखवतो. (मिलवर हा थोडा अन्याय आहे, फसवणुकीनं बाजारावरचा विश्वास उडतो, हा तोटाही त्याला धरावा लागेल. पण घाईत तो कोण धरतो?) कांटची कसोटी लगेच लावता येते: अक्षरं लहान का ठेवली हे त्या बाईला तोंडावर सांगितलं, तर बॅनर चालेल का? नाही चालणार. म्हणजे तिला नुसती वापरून घेतली.

१९८५ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅस्कीची (भारतीय जाहिरात मानक परिषदेची) संहिता हेच म्हणते: सूचित करून किंवा काही गाळूनही दिशाभूल नको. शिवाय सोलापुरी चादरीला जीआय मानांकन (गावाचं नाव तिथल्याच मालाला राखून ठेवणारी नोंद) आहे, ते वेगळंच. अ‍ॅस्की ही जाहिरातवाल्यांचीच संस्था, त्यामुळे तिला दात कमी. दात आहेत ते ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला. २०१९ च्या कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

दुकानदाराला मी नीती नाही, हा आकडा सांगितला. 'पानिपतची चादर, सोलापुरात स्वस्तात' एवढंच छापू म्हटलं. कुरकुरला, पण छापलं.