वाचकांचे प्रश्न : चिनी वैद्यकाचे मूळ ग्रंथ वाचताना

प्रश्न : मी नेरूळ येथे आयुर्वेदाचा व्यवसाय करते आणि जोडीला वाशीतील एका परिचित डॉक्टरांकडे ॲक्युपंक्चर शिकते. तेथे बिंदू, त्यांची स्थाने आणि कोणत्या तक्रारीत कोणता बिंदू घ्यावा, हे नीट शिकवले जाते. मात्र त्यामागचा विचार विचारला, की ‘यिन-यांग म्हणजे आपले शीत-उष्ण आणि त्यांची पाच तत्त्वे म्हणजे आपली पंचमहाभूते’ एवढ्यावर विषय संपतो. चिनी वैद्यकाचा सिद्धान्त मुळापासून अभ्यासायचा असेल तर सुरुवात कोठून करावी? आयुर्वेदाचे शिक्षण त्यात उपयोगी पडेल की आड येईल? (एक वैद्य, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : आयुर्वेदाने तुम्हाला ग्रंथ वाचण्याची जी शिस्त दिली आहे, ती फार उपयोगी पडेल, त्याने दिलेल्या संकल्पना मात्र काही काळ बाजूला ठेवाव्या लागतील. चरकसंहिता चक्रपाणीच्या टीकेसह वाचायची असते, सूत्राचा अर्थ तंत्रयुक्तींच्या, म्हणजे ग्रंथाचा अर्थ लावण्याच्या ठरलेल्या नियमांच्या, आधाराने लावायचा असतो आणि एका स्थानातील विधान दुसऱ्या स्थानातील विधानाशी ताडून पाहायचे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चिनी वैद्यकाचे मूळ ग्रंथही याच प्रकारचे, अनेक हातांनी घडलेले आणि टीकांमधून पुढे आलेले आहेत. ही सवय नसलेला वाचक त्यांत पहिल्या दहा पानांतच हरवतो.

संकल्पना बाजूला का ठेवायच्या, हे तुमच्या रोजच्या कामातील एका गोष्टीवरून स्पष्ट होईल. नाडी पाहताना तुम्ही रुग्णाच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ठेवता. चिनी वैद्यही त्याच जागी तीच तीन बोटे ठेवतो. पण तुमच्या तीन बोटांखाली वात, पित्त आणि कफ असतात आणि त्यांची गती साप, बेडूक, हंस यांच्या चालीवरून ओळखायची असते. त्याच्या तीन बोटांखाली त्सुन, ग्वान आणि छ्र या नावांच्या तीन जागा असतात. दोन्ही मनगटे मिळून अशा सहा जागा होतात आणि प्रत्येक जागा वेगवेगळ्या अवयवांची मानली जाते : डावीकडे हृदय, यकृत आणि वृक्क, उजवीकडे फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा वृक्क किंवा ‘जीवनद्वार’. त्यातही बोट हलके टेकवून काय लागते आणि दाबून काय लागते, याचा अर्थ निराळा. शिवाय आपल्याकडे चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही, ती पुढे मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत ठळकपणे येते. चीनमध्ये तिसऱ्या शतकात वांग शूहे यांनी नाडीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून चोवीस प्रकारच्या नाड्यांची लक्षणे नोंदवली. बोटे आणि जागा सारखी म्हणून निदानही सारखे, असे समजणारा विद्यार्थी दोन्ही शास्त्रांत कच्चा राहतो.

पंचमहाभूतांचेही तसेच आहे. महाभूते ही द्रव्याची घटकतत्त्वे आहेत. द्रव्य कशाचे बनले, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. चिनी मांडणीतील काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच अवस्था प्रामुख्याने एकमेकींशी असलेल्या नात्यांतून समजतात. काष्ठ अग्नीला पोसते, अग्नी पृथ्वीला, पृथ्वी धातूला, धातू जलाला आणि जल पुन्हा काष्ठाला. हे पोषणाचे चक्र झाले. दुसरे चक्र आवर घालण्याचे : काष्ठ पृथ्वीला आवरते, पृथ्वी जलाला, जल अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू काष्ठाला. वैद्यकात याचा उपयोग कसा होतो, ते ‘नानजिंग’ या ग्रंथात दिसते. एक्याऐंशी अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरे असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील सत्त्याहत्तराव्या प्रश्नात म्हटले आहे, की उत्तम वैद्य यकृताचा विकार पाहिला की तो प्लीहेकडे जाणार हे ओळखतो आणि आधी प्लीहेचे बळ वाढवतो. मध्यम वैद्य केवळ यकृतावर उपचार करीत बसतो. यकृत काष्ठाचे, प्लीहा पृथ्वीची आणि काष्ठ पृथ्वीला दाबते, एवढ्यावर हा निर्णय उभा आहे. येथे वायू आणि आकाश कोठे बसवायचे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

सुरुवात ‘हुआंगदी नेइजिंग’पासूनच करावी. पीतसम्राट आणि त्याचा वैद्य चीबो यांच्यातील संवादाच्या रूपाने येणारे हे संकलन साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले मानले जाते. त्याचे ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग असून प्रत्येकात एक्याऐंशी प्रकरणे आहेत. ‘सूवेन’ आज ज्या रूपात मिळतो, त्याला वांग बिंग यांनी इसवी सन ७६२ मध्ये सिद्ध केलेली सटीक प्रत आधारभूत आहे. सगळे सलग वाचू नका. दुसरे, पाचवे आणि आठवे प्रकरण आधी घ्या. पाचव्यात यिन-यांगची, म्हणजे परस्परविरोधी तरी परस्परपूरक अशा जोडीची, सविस्तर मांडणी आहे. आठव्यात शरीराचे राज्य वर्णिले आहे : हृदय राजा, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती, तर प्लीहा आणि जठर धान्यकोठारांचे अधिकारी. हा केवळ काव्यमय अलंकार समजून पुढे जाऊ नका. प्राचीन चीनमधील हान साम्राज्याच्या कारभारातून आलेली ही विचारपद्धती आहे आणि अवयव म्हणजे त्याचे कार्य व त्याचा अधिकार, ही चिनी दृष्टी तिच्यात स्पष्ट दिसते.

दुसरे प्रकरण तुम्हाला ऋतुचर्येसारखे वाटेल. वसंतात रात्री उशिरा निजावे, पहाटे लवकर उठावे, केस मोकळे सोडून अंगणात फेऱ्या माराव्यात. हिवाळ्यात लवकर निजून ऊन वर आल्यावर उठावे, असे त्यात सांगितले आहे. मात्र हे चार ऋतू उत्तर चीनच्या हवामानाचे आहेत. पाच अवस्थांच्या मांडणीत पृथ्वी, प्लीहा आणि ओलसरपणा यांच्याशी ‘दीर्घ ग्रीष्म’ नावाचा काळ जोडलेला आहे आणि नवी मुंबईतला आपला पावसाळा त्यात बसवून टाकण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळणाऱ्या कोकणच्या पावसाचा विचार त्या ग्रंथकारांनी केलेला नव्हता. आपण तो जोडला तर ते आपले अनुमान आहे, असे वहीत स्वच्छ लिहून ठेवावे.

त्यानंतर ‘शांगहान लुन’. झांग झोंगजिंग यांनी तो हान काळाच्या अखेरीस, सुमारे इसवी सन २०० च्या आसपास रचला. दहा वर्षांच्या आत आपल्या कुळातील दोन तृतीयांश माणसे दगावली आणि त्यांतील दहापैकी सात शीतजन्य ज्वराने गेली, असे त्याच्या प्रस्तावनेत आहे. सिद्धान्त रुग्णाच्या खाटेपाशी कसा उतरतो, हे या ग्रंथाइतके दुसरीकडे क्वचितच दिसते. ताप आहे, वारा सोसवत नाही आणि घाम येतो आहे, तर ‘ग्वेझी’ काढा : दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या, श्वेत पिओनीचे मूळ, जेष्ठमध, ताजे आले आणि चिनी बोरे. ताप आहे, अंग दुखते आहे, पण घाम नाही, तर औषध वेगळे, एफेड्रा नावाच्या वनस्पतीचे. सगळा निर्णय घामावर फिरतो. काढा घेतल्यानंतर काय करायचे, तेही तितक्याच काळजीने दिले आहे : थोड्या वेळाने वाटीभर गरम, पातळ पेज प्यावी, पांघरूण घेऊन पडावे, अंगभर हलका घाम यावा, पण पाण्यासारखा वाहू देऊ नये, पहिल्या मात्रेने बरे वाटले तर उरलेला काढा घेऊ नये. तुम्ही ॲक्युपंक्चर शिकत असलात तरी हा ग्रंथ टाळू नका.

तुमच्या प्रशिक्षणात हे का येत नाही, यालाही इतिहास आहे. १९२९ मध्ये चीनमध्ये पारंपरिक वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव सरकारी पातळीवर आला होता आणि वैद्यांच्या मोठ्या विरोधामुळे तो मागे पडला. पुढे १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चंगडू येथे महाविद्यालये स्थापन झाली. त्यांच्यासाठी मोठ्या संख्येने विद्यार्थी शिकवता येतील अशी एकसारखी पाठ्यपुस्तके तयार करण्यात आली. त्यांत परस्परविरोधी मते गाळली गेली आणि सिद्धान्ताला सुटसुटीत रूप आले. जगभर शिकवले जाते ते बहुतांशी हेच. ते टाकाऊ मुळीच नाही. परंतु मूळ ग्रंथांतले वाद त्यात भेटत नाहीत आणि सिद्धान्त कळतो तो त्या वादांतून.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. ग्रंथाचे आतले तर्कशास्त्र समजणे आणि उपचार गुणकारी असल्याचे सिद्ध होणे, ही दोन वेगळी कामे आहेत. तू योयो यांना हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चे नोबेल मिळाले. त्यांना दिशा मिळाली ती चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथातील एका ओळीतून : मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळण्याचा उल्लेख त्यात नाही, हे त्यांच्या लक्षात आले, म्हणून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि मग प्राण्यांवर व माणसांवर त्याची परीक्षा केली. उलट बाजूही पाहा. ॲरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पती चिनी औषधांत जुन्या काळापासून आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांतून त्या गेल्या आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. ग्रंथाचे प्राचीनत्व येथे कोणाच्याही कामी आले नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नौपाड्यात राहतो. वैद्यकाशी माझा संबंध नाही, पण भारतीय दर्शनांचे वाचन आहे. चिनी भाषा न येता हे ग्रंथ वाचण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निश्चित आहे, मात्र भाषांतर पारखून घ्यावे. पाउल उन्शुल्ड आणि हेरमान टेसेनो यांनी केलेले ‘सूवेन’चे सटीप इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, ते जाडजूड आणि महाग आहे, पण संदिग्ध जागा संदिग्धच ठेवते आणि टीपांत टीकाकारांचे मतभेद देते. ज्या पुस्तकात प्रत्येक वाक्य सुबोध आणि आजच्या विचाराला पटणारे वाटते, त्यावर कमी विश्वास ठेवावा. तुम्हाला दर्शनांची ओढ असल्यामुळे सोबत ‘दाव द जिंग’ हा दाओवादाचा मूळ ग्रंथ वाचावासा वाटेल, अवश्य वाचा. पण चिनी वैद्यक म्हणजे केवळ दाओवाद, असे मानू नका. राजा आणि मंत्र्यांची ती आठव्या प्रकरणातली मांडणी दाओवादापेक्षा राज्यकारभाराच्या विचाराशी अधिक जवळची आहे. नेरूळच्या वैद्यांना सुचवलेली तीन प्रकरणे तुम्हीही घ्या, फक्त आठव्यापासून सुरुवात करा. ते सर्वांत लहान आहे आणि त्याला वैद्यकाची पूर्वतयारी लागत नाही.