जुन्नरला टोमॅटोवर दर पावसाळ्यात करपा येतो, औषध बदलूनही थांबत नाही. काय करावं?

आधी करपा कोणता ते ओळखा. पानावर एकात एक गोल वलयं दिसली तर तो लवकर येणारा, अल्टरनेरिया बुरशीचा. पाण्यात भिजल्यासारखे काळपट चट्टे आणि सकाळी पानाखाली पांढरी लव असेल तर उशिरा येणारा, फायटोफ्थोराचा. हा जीव खरी बुरशीच नाही, त्यामुळे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक कितीही मारा, त्याला काही होत नाही! आणि लोक नेमकं तेच मारत राहतात. डब्याचं नाव बदललं तरी आतला घटक पुष्कळदा तोच असतो, म्हणून लेबल वाचाच.

ढगाळ, दमट हवा सुरू झाली की रोग दिसायच्या आधीच मँकोझेब फवारा. उशिराचा करपा दिसल्यावर मेटालॅक्सिल-मँकोझेबचं मिश्रण चालतं, पण तेच तेच वापरलं की फायटोफ्थोरा त्याला सरावतो. शेजारी बटाटा असेल तर तिकडेही नजर ठेवा, कारण उशिराचा करपा दोन्ही पिकांवर पडतो.

वाणाचं म्हणाल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक लवकरच्या करप्याला, पर्णगुच्छाला (पानं आकसवणाऱ्या विषाणू रोगाला) आणि जिवाणूजन्य मर रोगाला तोंड देतो. उशिराच्या करप्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

ओळखता येत नसेल तर रोगट पानं घेऊन नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, मगच औषध घ्या.