वाचकांचे प्रश्न : वाडीतली शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा?

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात आहे. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट 14 आणि शिक्षक दोन. तालुक्याच्या गावची इंग्रजी माध्यमाची शाळा 17 किलोमीटरवर आहे, पण व्हॅन तिठ्यावर येते. मुलीचे वडील नोकरीला मुंबईत, घरी मी आणि सासूबाई. माझं शिक्षण दहावी, मराठीतून. जो तो म्हणतो, इंग्रजीला घाल. काय करू?
– एक आई, राजापूर तालुका

उत्तर : ताई, पट कमी म्हणजे शाळा वाईट, ही समजूत कोकणात फार खोल गेली आहे आणि तिनेच कितीतरी चांगल्या शाळा रिकाम्या केल्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. तुमच्या वाडीत 14 मुलांना दोन आहेत. एका शिक्षकामागे सात मुलं! एवढं लक्ष कुठलीही फी भरून मिळत नाही.

अडचण असते ती वेगळीच. दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, म्हणजे एकेकाकडे दोन वर्ग एकत्र. केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) बैठक, प्रशिक्षण, मतदारयादीचं काम यासाठी एक गुरुजी बाहेर गेले की दुसऱ्यांवर चारही वर्ग येतात. दुसरं म्हणजे बदल्या. आपल्याकडचे बरेच शिक्षक घाटावरचे. आंतरजिल्हा बदली झाली की ते आपापल्या जिल्ह्यात जातात आणि जागा रिकामी राहते. म्हणून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा केंद्रप्रमुखांना स्पष्ट विचारा : दोन्ही पदं कायम शिक्षकांनी भरलेली आहेत का, की एक जण दुसऱ्या शाळेतून तात्पुरता कामगिरीवर पाठवलेला आहे? कोणी बदलीसाठी अर्ज केला आहे का? शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. या वर्षी एकच शिक्षक हजर असल्याचे दिवस किती आले, हे त्यांना नक्की ठाऊक असतं.

आणखी एक चौकशी सहसा कोणी करत नाही. अंगणवाडीत जाऊन सेविकाबाईंना विचारा, तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं किती आहेत. पुढच्या तीन वर्षांचा पट त्यांच्या रजिस्टरात दिसतो. मुलीसोबत पहिलीत निदान दोघं-तिघं असतील आणि मागून दरवर्षी दोन-तीन येणार असतील, तर शाळा टिकेल आणि मुलीला सोबतही मिळेल. वर्गात ती एकटीच असेल आणि अंगणवाडीही ओस पडली असेल, तर मात्र शेजारच्या गावातली मोठ्या पटाची मराठी शाळा बघा.

मग दोन्ही शाळांत एकेकदा जा. स्नेहसंमेलनाला नको, साध्या दिवशी अकराच्या सुमारास, मुख्याध्यापकांना सांगून. शक्य असेल तर जानेवारीनंतर जा, म्हणजे वर्षभराचं काम दिसतं.

दुसरीतल्या मुलाला त्याने न वाचलेला परिच्छेद वाचायला द्या. निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट असं आहे की, दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत. ‘समजून’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. वाचून झालं की काय वाचलंस ते विचारा. इंग्रजी शाळेत तर हे विचाराच. मूल इंग्रजी वाक्यं घडाघडा वाचतं, पण त्यांत काय लिहिलंय हे घरच्या भाषेत सांगता येत नसेल, तर ते पाठांतर आहे. तिसरीतल्या मुलाला 52 मधून 27 वजा करायला सांगा. उत्तर 35 आलं, तर त्याने पाचातून दोन आणि सातातून दोन काढले. म्हणजे दशक सुटा करणं त्याला कळलेलं नाही. नंतर चार-पाच वह्या उघडून बघा. सगळ्यांत अक्षर न् अक्षर तेच उत्तर असेल, तर ते फळ्यावरून उतरवलंय. मुलांची आपापली, थोडी चुकीची, पण तपासलेली वाक्यं दिसली, तर तिथे शिकवणं चालू आहे.

खासगी शाळेत शिक्षकांचं शिक्षण विचारायला संकोचू नका. पहिली ते पाचवीला शिकवायला डी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, खासगी शाळेतसुद्धा. गेल्या जूनमध्ये किती शिक्षक नवीन आले, तेही विचारा. पगार कमी असला की बाई वर्षभरातच सोडून जातात आणि पहिलीतल्या मुलाला त्याचा फार त्रास होतो.

आता व्हॅनचं. 17 किलोमीटर, वाटेत दहा ठिकाणी थांबे, म्हणजे तास लागतो. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा 2024 चा आदेश आहे. तरी मुलीला आठच्या आत तिठ्यावर उभं राहावं लागेल. जाऊन-येऊन दोन तास, सहा वर्षांच्या मुलीचे, रोज. पावसाळ्यात साकवावरून पाणी गेलं की शाळा बुडते, किंवा मुलं शाळेत आणि गाडी अलीकडे अशी गत होते. शाळेच्या वाहतूक समितीत पालक आहेत का, गाडीत मुलींसाठी महिला मदतनीस आहे का, आसनांपेक्षा जास्त मुलं बसवतात का, हे डोळ्यांनी बघा.

खर्च फीपुरता नसतो. नमुन्यादाखल मांडून बघा : फी 22,000, व्हॅन महिना 1,300 प्रमाणे दहा महिन्यांचे 13,000, पुस्तकं-वह्या 4,500, गणवेश-बूट 3,500, आणि दुसरीपासून शिकवणी महिना 600 प्रमाणे 6,000. बेरीज 49,000. तुमच्या शाळेचे आकडे घालून हीच बेरीज चौथीपर्यंत करा आणि फी दरवर्षी वाढणार हेही धरा. फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, असा 2011 चा राज्याचा कायदा आहे. ती समिती नेमली आहे का, तेही विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवण मोफत असतं.

शिकवणीचा खर्च का धरला? घरी अभ्यास घेणाऱ्या तुम्ही आहात आणि तुमचं शिक्षण मराठीतून झालं आहे. मराठी शाळेत घातलंत, तर चौथीपर्यंतचं सगळं तुम्ही घरी घेऊ शकता. सासूबाईसुद्धा गोष्ट ऐकून घेऊ शकतात. इंग्रजी माध्यमात पहिल्याच वर्षी मुलीचा अभ्यास तुमच्या हातून सुटेल. ज्या घरात रोज थोडंफार इंग्रजी बोललं-वाचलं जातं, तिथली गोष्ट वेगळी.

इंग्रजीची काळजी रास्त आहे. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात. वाचन मराठीत पक्कं झालेलं मूल पाचवीत सेमी इंग्रजीला (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) जाऊ शकतं. तुमच्या भागातल्या हायस्कुलात तो वर्ग आहे का, याची चौकशी आत्ताच करून ठेवा. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत आहे.

तेव्हा दोन्ही शिक्षक कायम असतील आणि मुलीला वर्गात सोबत असेल, तर वाडीतल्या शाळेतच घाला, असं आमचं स्पष्ट मत आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर शेजारच्या गावची मराठी शाळा, आणि इंग्रजी शाळा त्यानंतर.

प्रश्न : मुलगा खासगी शाळेत सीनियर केजीला आहे. फी झेपत नाही आणि तो शाळेत गप्प-गप्प असतो. पहिलीला जिल्हा परिषदेत घातला तर मागे पडेल का? शाळा म्हणते, बाकी फी भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला देणार नाही.
– पालक, गुहागर

उत्तर : बदलायचं असेल तर पहिलीच योग्य. चौथी-पाचवीत माध्यम बदललं की मुलाला विषय आणि भाषा दोन्हींशी एकदम झगडावं लागतं. पहिलीत सगळ्यांचीच अक्षरओळख चालू असते. त्याला ए-बी-सी येते आणि मराठी अक्षरं येत नाहीत, इतकाच फरक. एप्रिल-मे मध्ये रोज पंधरा-वीस मिनिटं द्या. आधी त्याच्या बोलण्यातले शब्द घ्या : काजू, होडी, नारळ. मग त्यांतली अक्षरं. बाराखडी ओळीने घोकून घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. शाळेत ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, त्याला जा.

दाखल्याची भीती बाळगू नका. पहिलीचा प्रवेश जन्मदाखल्यावर होतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत कोणतीही सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुख्याध्यापकांनी टाळाटाळ केली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थकलेल्या फीचं शाळेशी वेगळं बोला.

मूल गप्प राहतं त्याचं कारण कधीकधी एवढंच असतं की, घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलाला बाईंचं बोलणंच कळत नाही. पण भाषा बदलून दोन महिने झाले तरी तो बोलला नाही, तर कान तपासून घ्या.

प्रश्न : आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) खासगी शाळेत मोफत प्रवेश आता बंद झाला, असं ऐकलं. खरं का?
– रिक्षाचालक, चिपळूण

उत्तर : नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या मोफत जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा या मोफत प्रवेशासाठी राखीव आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यात येत नाहीत.

अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांना उत्पन्नाची अट नाही, पण वडिलांचा जातीचा दाखला लागतो. खुल्या प्रवर्गाला एक लाखाच्या आतला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे, दहापर्यंत शाळा निवडता येतात आणि निवड सोडतीने होते. अर्ज बाद होतात ते बहुतेक दोन कारणांनी : नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लावली जाते, किंवा एकाच मुलाचे दोन अर्ज भरले जातात. आपली घरं वाडीत विखुरलेली, त्यामुळे सायबर कॅफेवाला खूण बाजारपेठेतच टाकून मोकळा होतो. शेजारी बसून घराची खूण स्वतः दाखवा. सवलत आठवीपर्यंतच आहे, नववीपासून पूर्ण फी लागते. व्हॅनचा खर्च आपला.

प्रश्न : नवीन शाळेच्या फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलंय. विश्वास ठेवावा का?
– वाचक, कणकवली

उत्तर : ‘पॅटर्न’ म्हणजे संलग्नता नव्हे. सीबीएसई मंडळाचा संलग्नता क्रमांक आणि शाळेचा 11 आकडी यू-डायस (सरकारी नोंदीतला) क्रमांक मागा. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर तपासता येतात. क्रमांक नसेल तर प्रवेश घेऊ नका. मुलाची किंवा पालकांची मुलाखत आणि देणगी, दोन्हींना कायद्याने बंदी आहे.

शाळा कुठलीही निवडा, प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा : नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात. पुढे जातपडताळणीपासून पासपोर्टपर्यंत ही नोंद निघते, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती दुरुस्त करणं अतिशय कठीण होतं. मुंबईत जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यात एक आडनाव आणि आधारवर दुसरं, हे चाकरमान्यांच्या घरांत नेहमी आढळतं. असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा. जून 2026 च्या पहिलीसाठी जन्म 31 डिसेंबर 2020 किंवा त्याआधीचा हवा.