लंडनच्या खासगी बागा पहिल्यांदा बघायला निघताना

पहिल्यांदा जाताय तर नॅशनल गार्डन स्कीमपासून सुरुवात करा: खासगी बागा तिकीट लावून लोकांना बघायला उघडणारी ही ब्रिटिश धर्मादाय संस्था. १९२७ मध्ये माणशी एक शिलिंग घेऊन लोकांनी आपल्या बागा उघडल्या. आजही तिकिटाचे पैसे मुख्यतः परिचर्या आणि आरोग्यसेवेच्या संस्थांना जातात. तारखा आधी बघून ठेवा, कारण बरीचशी घरं वर्षातून एखाद्याच दुपारी उघडतात. एकाच गल्लीतल्या चार-पाच बागा एका तिकिटात मिळाल्या तर तीच निवडा. माती तीच, ऊनही जवळपास तेच, तरी प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो.

उघडायच्या वेळेलाच पोहोचा. या बागा चिंचोळ्या असतात, कधी घरातूनच मागे जावं लागतं. गर्दी झाली की मालकांशी बोलणं होत नाही, आणि खरं शिकायला मिळतं ते तिथेच. लंडनची चिकणमाती उन्हाळ्यात तडकते, पावसात चिकट गोळा होते. तिच्यात खत कधी घातलं, भिंतीच्या सावलीत काय तगलं, हे विचारा. लोक भरभरून सांगतात.

न विचारता फांदी खुडू नका, अगदी पुदिन्याचीसुद्धा. रोपं विकायला असतील तर तिथूनच घ्या: बऱ्याचदा त्याच बागेतली असतात. सुटे पैसे जवळ असू द्या, चहा-केकसाठीही लागतात.