सेवाच करायची, तर सरकारी का नको?

ताई, सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.कॉम. झाली. तिला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून सामाजिक संस्थेत जायचंय. तिचे बाबा म्हणतात, सेवाच करायची ना, मग एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेशची राज्यसेवा परीक्षा, दे. आणि तुम्ही विचारता, हे खूळ आलं कुठून?

2016च्या सुमारास आमच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीबरोबर एका संस्थेची मुलगी यायची. शेजारच्या आजी नारळाच्या करवंट्या, दुधाच्या पिशव्या, सगळं एकाच डब्यात कोंबायच्या. ती खाली बसून वेगळं करायची, "आजी, हे ओलं, हे सुकं." महिनाभर! दंडाला न बधलेल्या आजी तिला बधल्या. 2017मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्या दिवशी आजींनी तिच्या हातावर साखर ठेवली.

पेरी आणि वाइज या दोन अभ्यासकांनी 1990मध्ये लोकसेवेच्या ओढीमागे तीन गोष्टी सांगितल्या: निर्णय घेण्यात आपला हात असावा ही इच्छा, कर्तव्याची जाणीव, आणि दुसऱ्यासाठी जीव तुटणं. पहिली जोरात असेल तर प्रशासन मानवतं, तिसरी असेल तर संस्था. असा माझा अनुभव. बहुतेकांत तिन्हींची खिचडीच असते.

बाबांना स्थैर्य हवंय, त्यात गैर काही नाही. पण आपल्या इंदुरातल्या भंवरकुआच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसमध्ये वर्षं कशी जातात ते त्यांनी एकदा जाऊन बघावं. ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे 2022पासून एमपीपीएससीचे निकालही 87 टक्के जागांचे वेगळे आणि 13 टक्के जागांचे वेगळे असे तुकड्यांत लागू लागले, त्यातले 13 टक्के अडकवून ठेवलेले. संस्थेतही दूधभात नाही हं. 2020पासून विदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च 50 ऐवजी 20 टक्क्यांत बसवावा लागतो, आणि प्रकल्प संपला की पुष्कळदा नोकरीही संपते. हे तिला आधी स्पष्ट सांगा.

एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरण्याआधी दोन महिने तिला एखाद्या संस्थेबरोबर वस्तीत जाऊ द्या. संध्याकाळी घरी आल्यावर ती काय बोलते ते ऐका. "लोक किती आशीर्वाद देतात" एवढंच सांगत असेल, तर थोडं थांबा. पण रेशनच्या यादीतून एका बाईचं नाव का गळलं, हे जेवतानाही तिच्या डोक्यातून जात नसेल, तर बाबांना माझ्याकडे पाठवा. त्यांच्याशी मी बोलतो.