माँटानातला स्वस्त पिकअप आणि वॉरंटीचा प्रश्न

प्रश्न: मी कॅलगरीत राहतो. घरांच्या रिनोव्हेशनचा छोटा धंदा आहे. जुना ट्रक आता थकलाय. माँटानात ग्रेट फॉल्सच्या एका डीलरकडे २०२३ ची जीएमसी सिएरा १५०० आहे, ६.२ लिटर इंजिन, क्रू कॅब, ३१,००० मैल चाललेली, ४४,००० अमेरिकी डॉलरला. तशीच गाडी इथे कॅलगरीत ६८,००० कॅनेडियनला मिळतेय. त्याच डीलरकडे जवळपास तशीच दुसरी एक आहे, ८०० डॉलरने महाग. माँटानात सेल्स टॅक्सही नाही. माझ्या हिशेबाने सात हजार वाचतात. पैसे घरावरच्या हेलॉकमधून, म्हणजे घर तारण ठेवून मिळालेल्या कर्जमर्यादेतून, काढणार आहे. बायको विचारते, "वॉरंटीचं काय?" डीलर म्हणतो, वॉरंटी दोन्ही देशांत चालते. ५०० डॉलर डिपॉझिट दिलंय, शुक्रवारपर्यंत परत मागता येईल. घेऊ का?

उत्तर: नमस्कार. वहिनींनी नेमका मुद्दा धरलाय. पण वॉरंटीकडे वळण्याआधी तुमचे सात हजार तपासू, कारण त्यातले बरेचसे सीमेवरच संपणार आहेत.

तुम्ही गूगलवर दिसणारा १.३८ चा दर धरून ४४,००० चे ६०,७२० केलेत. त्या दराने तुम्हाला डॉलर कोणी देणार नाही. बँकेचा दर १.४१ च्या आसपास पडला, तर तिथेच १,३०० डॉलर गेले. माँटानात सेल्स टॅक्स नाही हे खरं, पण तो फायदा माँटानात राहणाऱ्याला. तुम्ही ट्रक अल्बर्टाच्या सीमेवरच्या कूट्सला आणलात की सीबीएसए, म्हणजे कॅनडाचं कस्टम्स खातं, ५ टक्के जीएसटी घेणारच. अल्बर्टात प्रांताचा वेगळा टॅक्स नाही, म्हणजे कॅलगरीच्या डीलरकडेही तेवढाच भरला असता. त्यामुळे जीएसटी दोन्हीकडून बाजूला ठेवू.

खरा घाव सरटॅक्सचा, म्हणजे जादा आयात शुल्काचा आहे. अमेरिकेने गाड्यांवर शुल्क लावल्यावर कॅनडाने ९ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर २५ टक्के लावले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला इतर बऱ्याच अमेरिकी मालावरचे शुल्क काढले, पण गाड्यांवरचे ठेवले. गाडी कॅनडा-अमेरिका-मेक्सिकोच्या कुस्मा व्यापार कराराच्या नियमात बसत असेल, तर कॅनडा आणि मेक्सिकोचा भाग वगळून उरलेल्या किमतीवरच ते लागते. बसत नसेल तर पूर्ण किमतीवर. ६०,७२० वर पूर्ण लागले तर १५,१८० डॉलर. अर्ध्याच किमतीवर लागले असे धरा, तरी ७,५९०, आणि तुमची सगळी बचत ७,२८० ची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या ट्रकचा व्हिन १ ने सुरू होतो, म्हणजे जुळणी अमेरिकेत झालीय. दुसऱ्याचा, ज्याचा रंग तुम्हाला आवडला नाही, तो ३ ने सुरू होतो, म्हणजे मेक्सिकोत. सिएरा इंडियानातल्या फोर्ट वेनलाही बनते आणि मेक्सिकोतल्या सिलाओलाही. सरटॅक्स अमेरिकी मूळ असलेल्या गाडीवर आहे, ती कुठे विकत घेतली यावर नाही. त्यामुळे पहिला ट्रक विसरा. विचार करायचाच असेल तर न आवडलेल्या रंगाचा करा, आणि त्याच्या व्हिनवर नेमके किती शुल्क लागेल ते सीबीएसएकडून आधी विचारून घ्या.

दुसऱ्याचा हिशेब: ४४,८०० गुणिले १.४१, म्हणजे ६३,१७० च्या आसपास. त्यात एअर कंडिशनरचा १०० डॉलरचा अबकारी कर, आरआयव्ही म्हणजे आयात गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची फी, अमेरिकी बाजूची कागदपत्रे भरणारा ब्रोकर, अल्बर्टाची बाहेरच्या गाडीसाठीची तपासणी, जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि एक-दोन रात्रींचं हॉटेल. मी १,५०० धरतो, तुम्ही थोडे जास्त धरा. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरची ग्रीन लेव्ही पिकअपवर लागत नाही, तेवढं सुख. मेक्सिकोत बनल्याचा पुरावा कागदोपत्री पटला नाही, तर ६.१ टक्के आयात शुल्क, म्हणजे आणखी ३,७०० च्या वर. सगळं मनासारखं झालं तर तुमचे ३,३०० डॉलर वाचतात. नाही झालं तर शून्य, किंवा त्याखाली.

म्हणजे वॉरंटी गमवावी लागली तर तिची किंमत या ३,३०० मध्ये बसते का, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडची सवय अशी, की पुण्यात घेतलेली गाडी कोल्हापूरला सर्व्हिसला नेली तरी वॉरंटी तीच, कारण कंपनी एकच. इथे नाव एक असलं, तरी अमेरिकेतली कंपनी वेगळी आणि कॅनडातली वेगळी. वॉरंटी देते गाडी ज्या देशात पहिल्यांदा विकली गेली तिथली कंपनी. सीमेपलीकडून वैयक्तिक खरेदीत आणलेल्या गाडीला काही कंपन्या पूर्ण वॉरंटी देतात, काही आधी मूळ देशात ठराविक महिने किंवा मैल चाललेली असावी अशी अट घालतात, काही फक्त सुरक्षेचं काम करून देतात. हे नियम कंपनीगणिक वेगळे असतात आणि बदलतातही. ग्रेट फॉल्सच्या सेल्समनला कॅनडाच्या ऑफिसच्या वतीने बोलायचा काही अधिकार नाही. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याला ट्रक विकायचाय, एवढंच.

कोणी मॅग्नसन-मॉस कायद्याचं नाव घेतलं तर हुरळून जाऊ नका. तो १९७५ चा अमेरिकी कायदा आहे. बाहेरच्या मेकॅनिककडे ऑइल बदललं एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, असा त्याचा भाग लोकांना माहीत असतो. पण वॉरंटी कुठल्या देशात लागू होईल, ही अट त्याने रद्द होत नाही.

या ट्रकच्या वॉरंटीत उरलंय किती तेही मोजा. बंपर-टू-बंपर, म्हणजे पूर्ण गाडीची, ३ वर्षे किंवा ३६,००० मैल. ३१,००० झालेत, म्हणजे ती जवळपास संपलीच. इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षे किंवा ६०,००० मैल. उरले २९,००० मैल, म्हणजे साधारण ४६,७०० किलोमीटर. तुम्ही धंद्यासाठी वर्षाला २८,००० किलोमीटर चालवता, म्हणजे वीस महिने. एवढ्या काळात इंजिन बिघडेलच असं नाही. पण हे इंजिन ६.२ लिटरचं आहे, आणि तिथेच गाडी अडते.

एप्रिल २०२५ मध्ये जीएमसी बनवणाऱ्या जीएमने अमेरिकेत याच ६.२ लिटरच्या एल८७ इंजिनाच्या ५,९७,६३० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. २०२१ ते २०२४ ची मॉडेल्स, सिएरा १५०० त्यात आहे. कारण कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमधला दोष, ज्याने चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकतं. गाडी तपासतात, नापास झाली तर इंजिन दुरुस्त करतात किंवा बदलतात, पास झाली तर पातळ ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० ऑइल घालतात आणि ऑइलचं झाकण बदलतात. अशा पास झालेल्या गाड्यांना जीएमने अमेरिकेत इंजिनासाठी १० वर्षे किंवा १,५०,००० मैलांचं खास संरक्षण दिलंय. तुमच्या दृष्टीने त्या ट्रकवरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती सीमा ओलांडते की नाही हेच विचारायचंय.

ग्रेट फॉल्सला गेलात तर बॉनेट उघडून ऑइलचं झाकण स्वतः बघा. ०डब्ल्यू-२० लिहिलेलं जुनं झाकण असेल तर रिकॉलचं काम झालेलं नाही असं समजा. आणि हा फक्त सुरक्षेचा प्रश्न नाही. कॅनडात आणलेल्या गाडीवर एकही रिकॉल बाकी नाही असं कंपनीचं पत्र आरआयव्हीला लागतं. ते नसेल तर तपासणीचा फॉर्म निघत नाही, तपासणीशिवाय गाडी नोंदवता येत नाही, आणि हे सगळं उरकायला आयातीपासून ४५ दिवस मिळतात. रिकॉलचं काम सीमा ओलांडायच्या आधी, त्या डीलरने करून घेतलेलं हवं. नुसत्या 'होऊन जाईल' वर पैसे देऊ नका.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबलही वाचा. तिथे गाडी अमेरिकेच्या सुरक्षा मानकांना धरून बनवल्याचं लिहिलेलं असतं. कॅनडासाठी बनलेल्या गाडीवर मेपलच्या पानाचं चिन्ह असतं. ते नसलं म्हणून गाडी येत नाही असं नाही, पण ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या अमेरिकेतून आणता येणाऱ्या गाड्यांच्या यादीत हे मॉडेल बसतं का आणि त्यात काही बदल करावे लागतील का, ते आधी बघावं लागतं. कूट्ससमोरच्या स्वीटग्रासला अमेरिकी कस्टम्सला टायटलचे, म्हणजे मालकीचे कागद ७२ तास आधी द्यावे लागतात. म्हणजे शनिवारी जाऊन रविवारी ट्रक घेऊन यायचा, हा बेत जमणारा नाही.

कॅनडाची कंपनी नाही म्हणाली, तर 'अमेरिकेत नेऊन दुरुस्त करून घेईन' असं तुम्ही म्हणाल. ग्रेट फॉल्स कॅलगरीहून पाचशे किलोमीटरच्या वर आहे. बंद पडलेला ट्रक टो करून न्यायचा, तिथे सोडून यायचा, पार्ट येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा आणायला जायचं. आणि तेवढे दिवस तुमचं ड्रायवॉल आणि टाइल्स घेऊन जाणार कोण? भाड्याचा ट्रक. माझ्या एका क्लायंटने आयडाहोहून आणलेल्या ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी हे करून बघितलं. वॉरंटी मिळाली, पण भाड्याच्या ट्रकचं बिल आणि हातची गेलेली दोन कामं धरली, तर खरेदीत वाचलेलं सगळं त्यात गेलं.

हेलॉकबद्दल थोडं. ट्रक हे धंद्याचं अवजार आहे, त्याच्यासाठी कर्ज काढायला माझा विरोध नाही. पण ट्रकच्या कर्जाला ट्रक तारण असतो, हेलॉकला घर. अमेरिकी टायटलच्या गाडीवर इथली बँक सहसा वाहनकर्ज देत नाही, म्हणूनच तुम्ही हेलॉककडे वळलात, हे कळतं. पण ट्रक घेतल्यावर हेलॉकची मर्यादा संपलेली, आणि मग वॉरंटीबाहेरचं इंजिनाचं पाच आकडी बिल समोर आलं, तर टीएफएसए या तुमच्या करमुक्त बचत खात्यातले २२,००० बाहेर निघतील. काढलेली मर्यादा पुढच्या १ जानेवारीलाच परत मिळते. मुलीच्या आरईएसपीला, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचतीला, तर हात लावूच नका.

तुमच्या अकाउंटंटने पूर्ण किमतीवर घसारा मिळेल असं सांगितलंय, ते पुन्हा विचारा. क्रू कॅबमध्ये तीनपेक्षा जास्त सीट असतात, त्यामुळे घेतलेल्या वर्षी ९० टक्के किंवा जास्त वापर धंद्याचं सामान, साहित्य किंवा धंद्यासाठी माणसं नेण्यासाठी हवा. नाहीतर गाडी घसाऱ्याच्या वर्ग १०.१ मध्ये, म्हणजे महागड्या प्रवासी गाड्यांत जाते आणि २०२५ साठी ३८,००० डॉलरच्या वरच्या किमतीवर घसारा मिळत नाही. संध्याकाळी मुलांना रिंकवर नेणं आणि शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जाणं यात ९० टक्के टिकत नाहीत. ही अट कॅलगरीच्या ट्रकलाही लागू आहे, म्हणून एवढा महागडा ट्रक हवाच का, हाही विचार करा. ५.३ लिटरचं इंजिन तुमच्या कामाला भरपूर आहे आणि या रिकॉलमध्ये ते नाही.

माझं मत: पहिला ट्रक नाही. दुसरा तेव्हाच, जेव्हा त्याच्या व्हिनसह जीएमच्या कॅनडातल्या ग्राहक सेवेकडून लेखी उत्तर येईल की पॉवरट्रेनची, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची उरलेली वॉरंटी आणि इंजिनाचं खास संरक्षण कॅनडातला डीलर पाळेल, गाडी धंद्यात वापरली तरी. 'सहसा पाळतात' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. उत्तर 'हो' आलं तरी ३,३०० साठी एवढी धावपळ मला पटत नाही, पण मग तो तुमच्या आवडीचा भाग आहे, पैशाचा नाही. मी तुमच्या जागी असतो तर कॅलगरीतच, ५.३ चा, कंपनीने तपासून वाढीव वॉरंटी दिलेला ट्रक बघितला असता. तो घेताना काही घोटाळा झाला तर अल्बर्टातल्या गाडी-डीलरांवर देखरेख करणाऱ्या अ‍ॅमव्हिककडे तक्रार तरी करता येते. माँटानाच्या डीलरवर त्यांचा काही अधिकार नाही.

डिपॉझिटची मुदत शुक्रवारी संपतेय. ते परत मागायचं ईमेल आजच पाठवा, फोनवर सांगू नका. आणि पैसे कार्डवर भरले असतील तर त्या ईमेलची प्रत जपून ठेवा.